खोली अर्धा सूर उतरली

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास एस्तेर रणनवरेच्या लॅपटॉपवर एक ओळ उमटली. ती तिनं तीनदा वाचली.

'या ध्वनिमुद्रणात दोन वेगवेगळ्या खोल्या आढळल्या. कोणती खोली वजा करायची?'

एस्तेरकडे वाजवण्यासाठी एकच खोली होती. नाशिकच्या अनुराधा अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या फ्लॅटची ही मागची खोली. दोन गिटार, एक जुना अँप्लिफायर, भिंतीला टेकवलेली गादी आणि फरशीवर चिकटपट्टीची एक फुली. माइकचा स्टँड दर वेळी त्याच फुलीवर उभा राही. शाळेत विज्ञान शिकवायला लागून तिला चोवीस वर्षं झाली होती, आणि मोजमापाच्या बाबतीत ती काटेकोर होती.

गेले दोन महिने ती आणि खालच्या मजल्यावरचा अरविंद दातीर मिळून एक जुनी रचना वाजवत होते. सात मिनिटांची, शब्द नसलेली, ब्लूज आणि जॅझच्या मधून वाट काढत जाणारी. कॉलेजात असताना दोघांना ती कधीच नीट जमली नव्हती. आता एस्तेर एक्कावन्न वर्षांची होती आणि अरविंद त्रेपन्नचा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, रविवारी बंद. त्या दिवशी तो बेस गिटार खांद्याला अडकवून वर यायचा. नऊ मार्चला त्यांनी रचनेचा पूर्वार्ध रेकॉर्ड केला. एप्रिलमध्ये एस्तेर आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे श्रीरामपूरला होती. चार मेला दोघांनी उत्तरार्ध उरकला. आज फक्त मिक्सिंग करायचं होतं. सगळे ट्रॅक एकमेकांत बसवायचे, बेस थोडा मागे न्यायचा, तिच्या सोलोला थोडी हवा द्यायची.

तिनं अरविंदला फोन लावला.

"अरे, 'एकांत' म्हणतंय की आपण दोन खोल्यांत वाजवलंय."

"दोन खोल्या? तुझ्या घरात वाजवायला दुसरी खोली आहे कुठे? स्वयंपाकघरात वाजवलं का मी?" तो हसला. "सॉफ्टवेअर चक्रावलंय. पुन्हा चालव."

तिनं पुन्हा चालवलं. उत्तर तेच आलं.

'एकांत' बाजारात येऊन वर्ष-दीड वर्षच झालं होतं. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांची जुनी रड अशी की वाद्याबरोबर खोलीही रेकॉर्ड होते. भिंतींवरून परतणारा आवाज, कपाटाच्या दाराची थरथर, खिडकीच्या काचेचा झणत्कार, सगळं त्या एका ट्रॅकमध्ये कालवलेलं असतं. 'एकांत' ते कालवण सोडवी. चार बारीक माइक आणि स्टँडच्या पायाला लावायचा नखाएवढा कंपनमापक एवढ्यावर ते खोलीचा ठसा घेई. माणसाच्या बोटाचा असतो तसा. मग तो ठसा आवाजातून वजा करी आणि मागे फक्त वाद्य उरे. ज्यांना स्टुडिओ परवडत नव्हता त्यांच्यासाठी ही जादूच होती.

एस्तेरनं दोन्ही ठसे पडद्यावर शेजारी शेजारी उघडले. आधी तिला पडद्यांचा संशय आला, कारण एप्रिलच्या सुरुवातीला तिनं खिडकीचे पडदे बदलले होते. पण पडद्यांचा परिणाम वरच्या, बारीक आवाजांवर होतो, आणि वरची बाजू दोन्ही ठशांत जवळजवळ सारखी होती. भिंतीही जुळत होत्या. फरक तळाशी होता. मार्चच्या ठशात अगदी खाली एक टोकदार शिखर होतं, सेकंदाला त्रेचाळीस पूर्णांक सहा कंपनं. मेच्या ठशात तेच शिखर एक्केचाळीस पूर्णांक तीनवर आलं होतं.

तिनं आकड्यांऐवजी कानांनी ऐकून पाहिलं. मार्चमध्ये अरविंदनं बेसवर खालचा एफ वाजवला की खोली घुमायची. हे दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे तो तो सूर जरा हलक्या हातानं घेई. मेच्या रेकॉर्डिंगमध्ये एफ साधा, कोरडा वाजत होता. घुमत होता तो त्याच्या खालचा ई.

खोली अर्धा सूर उतरली होती.

एस्तेरनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि पायांखालच्या फरशीकडे पाहिलं.

आठवीच्या वर्गाला ती दर वर्षी एक प्रयोग दाखवी. स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरायची आणि बाहेर आलेलं टोक बोटानं छेडायचं. पट्टी घट्ट धरली असेल तर सूर उंच येतो. हात सैल सोडला किंवा पट्टी जास्त बाहेर काढली तर सूर खाली जातो. पट्टी तीच असते, फक्त तिला धरणारा हात बदलतो. खोलीखालचा स्लॅब ही तशीच एक मोठी पट्टी. कडेचे बीम आणि कोपऱ्यातले खांब हे तिला धरणारे हात. माणसाच्या कानाला ती थरथर ऐकू येत नाही, पण बेसचा नेमका सूर लागला की स्लॅब त्याच्याबरोबर किंचित गुणगुणतो. एरवी ते गुणगुणणं जन्मभर एकाच सुरात राहायला हवं.

त्या दुपारी तिनं स्वतःचा बेस बाहेर काढला, अँप्लिफायर त्याच जागी ठेवला आणि एकेक सूर वाजवत खाली आली. ईवरही शिखर सापडेना. बेसवर त्याच्या खाली सूरच नसतो. मग तिनं जाड तारेची खुंटी हळूहळू सैल केली आणि एका जागी फरशी तळव्यांना जाणवेल इतकी घुमली. पडद्यावर आकडा आला, चाळीस पूर्णांक नऊ.

सोमवारी सकाळी चाळीस पूर्णांक सात. मंगळवारी चाळीस पूर्णांक पाच.

कंपनमापक बिघडला असेल म्हणून तिनं तो पुढच्या खोलीत नेऊन लावला. तिथला सूर तिन्ही वेळा जिथल्या तिथे राहिला. यंत्र ठीक होतं. तिनं चहा केला आणि तो न पिताच मोरीत ओतून टाकला. मागच्या खोलीची फरशी म्हणजे अरविंदच्या घराचं छत होतं.

*

दार कुमुदनं उघडलं. अरविंदची बायको. तीन वर्षांपूर्वी पाठीच्या कण्यातली गाठ काढताना तिचं कमरेखालचं बळ गेलं होतं आणि तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत होती. एस्तेरला ती धाकट्या बहिणीसारखी.

"बरं झालं आलीस. तुला दाखवायचंच होतं," कुमुद म्हणाली. "तू श्रीरामपूरला होतीस तेव्हा काम काढलं होतं आम्ही. बघ आता."

तिनं खुर्ची वळवली. झोपायच्या खोलीतून न्हाणीघराकडे जाणारा अरुंद बोळ होता, तिथून ती सरळ, कुठेही न अडखळता पलीकडे गेली, न्हाणीघरात शिरली आणि आतून दार लावून घेतलं. आतून तिचा आवाज आला, "तीन वर्षांत पहिल्यांदा, एस्तेर. दार लावून. एकटी."

एस्तेर बोळात उभी होती. मांडणी तिला पाठ होती, कारण वरच्या मजल्यावर तीच मांडणी तिच्या घराची. तिच्याकडे या बोळात भिंतीतून एक खांब चार इंच पुढे आलेला होता. इथे त्या जागी पिवळसर रंगाची प्लायवूडची गुळगुळीत फळी बसवलेली होती, भिंतीला अगदी सपाट. तिनं फळीवर बोटानं टकटक केलं. मागून पोकळ आवाज आला.

कुमुदनं दार उघडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की एस्तेर फक्त "छान झालं गं" एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

थोड्या वेळानं भाजीची पिशवी घेऊन अरविंद आला. एस्तेरनं स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"बोळातला खांब काय केलास?"

"तासला थोडा. बाहेर आलेलाच भाग. खुर्ची अडकत होती, माहीत आहे ना तुला."

"तो खांब होता, अरविंद. तासायला लाकूड नव्हतं ते."

"चार इंच काँक्रीट. आत अख्खा खांब आहे."

"सळया?"

त्यानं पिशवीतली मेथीची जुडी ओट्यावर ठेवली, तिचा दोरा सोडला आणि पुन्हा बांधला.

"दोन कापाव्या लागल्या," तो म्हणाला.

तिनं त्याला आकडे सांगितले. मार्चचा, मेचा, गेल्या तीन दिवसांचे. तो वाजवणारा माणूस होता, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. ई घुमतो म्हटल्यावर तो खुर्चीत बसला. त्याच्याच बेसनं, त्याच्याच बोटांनी हे रेकॉर्डिंगमध्ये पकडलं होतं.

"मला आठ दिवस दे," तो शेवटी म्हणाला. "मी माझ्या ओळखीचा इंजिनिअर आणतो. गुपचूप टेकू लावून घेतो. सोसायटीत बोभाटा झाला तर पहिल्यांदा तो खांब पूर्ववत करायला लावतील. कुमुदला पुन्हा त्या भांड्यावर बसवायचं का मी? तू पाहिलंयस तिला आत्ता."

"पाहिलं."

"मग आठ दिवस."

एस्तेर हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. जिना चढून वर आली आणि मागच्या खोलीत न जाता पलंगावर बसून राहिली. तीस वर्षांच्या मैत्रीत त्यानं तिच्याकडे काहीच मागितलं नव्हतं.

बुधवारी सकाळी आकडा एकोणचाळीस पूर्णांक आठ आला. एका दिवसात आधीच्या तिपटीहून जास्त उतार. तिनं सगळ्या नोंदी प्राध्यापक वैशाली बागूल यांना पाठवल्या. बागूल मॅडम अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शिकवत आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून येत. अर्ध्या तासात त्यांचा फोन आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "या खोलीत तुम्ही आत्ता बसला आहात का?"

"शेजारच्या."

"उद्या सकाळी येते. तोवर त्या खोलीत जाऊ नका."

*

गुरुवारी बागूल मॅडमनी अरविंदच्या घरी बोळातली फळी काढायला सांगितली. अरविंद पेचकस घेऊन खाली बसला. फळी सुटताच आतून मूठभर चुरा फरशीवर सांडला. खांबाचा एका बाजूचा चतकोर गेला होता. कापलेल्या दोन सळयांची टोकं दिसत होती, आणि उरलेल्या सळया इतक्या गंजल्या होत्या की त्यांचे पापुद्रे सुटत होते. खांबाला तिरकी भेग होती. मॅडमनी तिच्यात पोस्टकार्ड सरकवलं, ते अर्ध्याच्या वर आत गेलं.

एस्तेर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. मॅडमचा रंग उतरला.

"इमारतीत माणसं किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"एकोणतीस," एस्तेर म्हणाली.

"दोन तासांत सगळ्यांना खाली न्या. गॅसच्या टाक्या बंद करा. लिफ्ट वापरू नका. मी महापालिकेला फोन करते, टेकू मागवते."

सोसायटीचे सेक्रेटरी कोठावदे काका चौथ्या मजल्यावरून बनियनवर खाली आले आणि त्यांना बराच वेळ समजेचना की गिटारच्या रेकॉर्डिंगवरून कोणी घर रिकामं कसं करायला सांगतं. मॅडमनी त्यांना बोळात नेऊन भेग दाखवली. मग ते वर गेले आणि एकेक दार वाजवू लागले.

कुमुदला खुर्चीसकट चौघांनी जिन्यावरून उतरवलं. पार्किंगच्या पलीकडे रस्त्यावर कडुलिंबाखाली ती बसली होती. एस्तेर तिच्याजवळ पाण्याची बाटली घेऊन गेली.

"मला येत होता ऐकू," कुमुद म्हणाली.

"काय?"

"करकर आवाज. छतातून. दुपारी सगळं शांत असतं ना, तेव्हा. महिनाभर येत होता. मला वाटलं, सांगितलं तर..." तिनं पाणी घेतलं नाही.

एस्तेर बाटली हातात धरून तशीच उभी राहिली. एकोणतीस माणसं घरात झोपत होती, स्वयंपाक करत होती, आणि ही बाई दुपारी पडल्या पडल्या ते ऐकत होती. एस्तेरला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि आपल्याला राग येत नाही याचाच तिला धक्का बसला.

संध्याकाळपर्यंत लोखंडी टेकू लागले, दरवाजावर महापालिकेची नोटीस लागली. गेटजवळ आठही घरांची माणसं जमली होती. कोठावदे काकांनी अरविंदला सगळ्यांसमोर विचारलं, "दातीर, खांब तुम्ही कापला?"

"मी फ्लॅट घेतला तेव्हापासून तो तसाच आहे," अरविंद म्हणाला. "मी फक्त फळी लावली. आधीच्या मालकाला विचारा."

आधीचा मालक वारून सहा वर्षं झाली होती. अरविंदनं एस्तेरकडे पाहिलं नाही. तिच्याकडे दोन ठसे होते, नऊ मार्चचा आणि चार मेचा, आणि खांब मधल्या काळात कापला गेला हे त्यातून कोणालाही दिसलं असतं. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात कोठावदे काकांची सून म्हणाली, "ह्या बाईंनी ते मोजत बसायला नको होतं. काल रात्री आपण आपल्या घरात होतो." चारदोन माना हलल्या. एस्तेरनं तोंड मिटलं.

*

ती शाळेच्या अतिथिगृहात राहायला गेली. बागूल मॅडमनी तिच्याकडे एक गोष्ट मागितली होती, 'एकांत'चं यंत्र मागच्या खोलीत चालू ठेवायचं. इमारतीची वीज तोडलेली होती, पण यंत्र बॅटरीवर आठवडाभर चाले आणि आकडे व रेकॉर्डिंग दोन्ही फोनवर पाठवी. आता बेस वाजवायची गरज नव्हती. रस्त्यावरून ट्रक गेला की इमारत स्वतःच हलकीशी थरथरे, आणि यंत्र त्या थरथरीतून सूर शोधून काढी. आठव्या दिवशी मॅडम स्वतः हेल्मेट घालून आत गेल्या आणि बॅटरी बदलून आल्या. टेकूंनी उतार मंदावला, थांबला मात्र नाही. एकोणचाळीस. अडतीस पूर्णांक सहा. अडतीस.

दरम्यान ही बातमी पसरली होती. 'एकांत' बनवणाऱ्या मंडळींनी चार दिवसांत एक नवी सोय दिली, आपल्याच घराचे जुने-नवे ठसे ताडून बघायची. लाखो लोकांनी गेल्या दीड वर्षात घरी काही ना काही रेकॉर्ड केलेलं होतं. कोल्हापुरात सतार शिकणाऱ्या एका बाईंचा दिवाणखाना पाऊण सूर उतरलेला निघाला, तिथल्या तीन मजली इमारतीतून लोक त्याच दिवशी बाहेर पडले. वसईत एकाचं घर उतरलं म्हणून अख्खी सोसायटी रस्त्यावर आली, आणि नंतर कळलं की त्यानं खोलीत पुस्तकांचं अवजड कपाट आणून ठेवलं होतं. भावांनी भावांना विचारलं, तू भिंत कुठली पाडलीस? भाडेकरूंनी मालकांना विचारलं. शेजारी एकमेकांच्या घरी जाऊन भिंतींवर टकटक करू लागले. जाहिरातींत फ्लॅटच्या क्षेत्रफळाखाली सुराचा आकडा छापून येऊ लागला. एस्तेरला दिवसाला शंभर निरोप येत. तिनं फोनचा आवाज बंद केला आणि फक्त आकडा बघत राहिली.

नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी अकराला आठ मिनिटं कमी असताना आकडा यायचा थांबला.

ती पोहोचली तेव्हा धूळ अजून खाली बसत होती. इमारतीची डावी बाजू उभी होती. उजवीकडचे चार मजले एकावर एक बसले होते. चौथ्या मजल्यावरचा कोठावद्यांचा निळा पडदा जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर लटकत होता. आत कोणी नव्हतं. रस्त्यापलीकडे कोठावदे काका पोत्यावर बसले होते. त्यांनी एस्तेरकडे पाहून हात जोडले आणि ते खाली घेईनात. तिनं जाऊन ते खाली केले.

*

यंत्र ढिगाऱ्यात गेलं, पण रेकॉर्डिंग आलेलं होतं. दुपारी बागूल मॅडमच्या केबिनमध्ये दोघींनी शेवटचा तास लावला. मॅडमना खांब नेमका कोणत्या क्षणी गेला ते हवं होतं. पहिली काही मिनिटं रस्त्याचा आवाज होता, कबुतरं होती. मग जिन्यात पावलं वाजली.

मॅडमनी आवाज वाढवला.

कुलूप उघडलं. एस्तेरच्या घराची जादा किल्ली फक्त एका माणसाकडे असायची. पावलं मागच्या खोलीत आली, थांबली. मग धप्प असा एक आवाज झाला. कोणीतरी फरशीवर जोरात टाच आपटली होती. पडद्यावर यंत्राचा आकडा उमटला, सदतीस पूर्णांक एक. पाठोपाठ गिलाव्याचे कण ओघळल्याची बारीक सळसळ आली, आणि ती बराच वेळ थांबली नाही.

"एस्तेर," अरविंदचा आवाज आला. अगदी माइकजवळ, श्वासासकट. "लाल दिवा दिसतोय, म्हणजे चालू आहे. ऐक. खांब मी कापला. पंधरा एप्रिलला. दोन सळया कापल्या. गवंडी नको म्हणत होता, मी म्हटलं काप. जागा जरा मोकळी दिसावी म्हणून. दुसरं काही कारण नाही. गेटवर मी खोटं बोललो. हे द्यायचं तिथे दे."

पावलं बाहेर गेली. दाराला कुलूप लागलं. कधीही पडेल अशा त्या घराला तो कुलूप लावून गेला होता.

त्यानंतर अडतीस मिनिटांनी एक कोरडा फटका ऐकू आला, आणि पुढचं ऐकायच्या आत मॅडमनी हेडफोन काढून ठेवले.

"जिवंत आहे ना हा माणूस?" त्यांनी विचारलं.

"सकाळी गेटजवळच होता," एस्तेर म्हणाली. "मी पाहिलं त्याला. माझ्याशी बोलला नाही."

"हे पोलिसांना द्यावं लागेल."

"माहीत आहे."

पण आधी ती पंचवटीला गेली. कुमुद तिथे भावाच्या घरी तळमजल्यावर राहत होती. अरविंद जबाबासाठी पोलिस ठाण्यात गेला होता. एस्तेरनं दार लावलं, कुमुदच्या कानांवर हेडफोन ठेवले आणि पावलांपासून कुलपापर्यंतचा भाग ऐकवला. शेवटचा फटका ऐकवला नाही.

कुमुदनं डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा लाव. 'जागा मोकळी' तिथून."

एस्तेरनं पुन्हा लावलं.

"'जागा मोकळी दिसावी म्हणून'," कुमुद हळूच म्हणाली. "माझं नाव नाही घेतलं कुठे."

"नाही."

"खुर्चीचंही नाही."

"नाही. कुमुद, मी जाऊन हे देणार आहे. तुला आधी ऐकवायचं होतं, म्हणून आले."

कुमुदनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. बराच वेळ ती त्यांची वायर सरळ करत राहिली.

"गवंडी नको म्हणत होता, ते खरं आहे," ती म्हणाली. "पण तोही नको म्हणत होता, एस्तेर. अरविंद. त्याला कळत होतं तो खांब आहे ते. टेप घेऊन खुर्ची मी मोजली, बोळ मी मोजला. दोन दिवस जेवले नाही मी. तिसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याला फोन मी केला, आणि हा दुकानातून यायच्या आत पहिला घाव घालायला मीच लावला. तो आला तेव्हा सळई उघडी पडली होती. मी म्हटलं, आता अर्ध्यावर सोडू नकोस."

एस्तेर तिच्यासमोर फरशीवर बसली. इतके दिवस ती एका मित्राबद्दल मनाशी भांडत होती, आणि तो मित्र पडत्या घरात जाऊन यंत्रासमोर खोटं बोलून आला होता. पहिलं खोटं स्वतःसाठी असेल असं तिला वाटलं होतं. तेही आता तिला खात्रीनं सांगता येईना.

बाहेर भावाच्या घरातला कुकर शिटी देऊन थांबला. कुमुदनं खुर्चीचे ब्रेक सोडले.

"माझी चप्पल दे, नको, राहू दे, चप्पल कशाला," ती म्हणाली. "रिक्षा बोलाव. मोठी, खुर्ची मावेल अशी. आणि ठाण्यात फोन करून विचार, पायऱ्या किती आहेत."

एस्तेरनं फोन लावला. पलीकडच्या हवालदारानं मोजून सांगितलं.

"पाच," एस्तेर म्हणाली.

"मग दोन माणसं लागतील," कुमुद म्हणाली आणि दाराकडे निघाली.